नाकातली नथ

शेजारच्या सुमनवहिनी घरी मोत्यांच्या नथी गुंफतात. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं, पण ऑनलाइन एकही नथ विकली जाईना. म्हणून फोटो दाखवायला माझ्याकडे आल्या. फोटोत लाल मखमलीवर ठेवलेली नथ भर उन्हात नुसती चकाकत होती. केवढी आहे तेही कळत नव्हतं.

"नाकात घालून फोटो काढू," मी म्हटलं. "तुम्हीच घाला."

"मी कशी घालू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना नथ घ्यायची आहे, वहिनी. फोटोत नाक तेवढं येईल."

त्या हसल्या आणि खिडकीपाशी बसल्या. नथ दाबाची होती, नाक टोचलेलं नसलं तरी बसणारी. पडद्याआडून येणाऱ्या मऊ उजेडात ती नाकात बसली आणि मोती एकदम जिवंत दिसले. दागिन्याला मखमल नको असते, श्वासाबरोबर हलणारं माणूस हवं असतं. त्याला कुठलंही नाक चालतं. कुणी घालायची आणि कुणी फक्त गुंफायची, हे आपणच ठरवलेलं.

भरपूर फोटो काढले, त्यातले चांगले निवडले. चहा पिऊन वहिनी निघाल्या, तेव्हा नथ नाकातच होती. मी आठवण करून दिली नाही.