चपलांवरचा मोत्या

रायगडावरच्या वाघ्याने म्हणे महाराजांच्या चितेत उडी घेतली. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या मोत्याकडे बघितलं की मला ती गोष्ट आठवते. आमचे हे गेले, तेव्हा तेराव्याला यांची छत्री नि चपला दान द्यायला काढल्या. मोत्या चपलांवर आडवा झाला तो उठेचना. शेवटी गुरुजीच म्हणाले, "राहू द्या वहिनी, याच्याच वाटणीच्या दिसतात."

चितेत उडी तरी एकदाच घ्यायची. हा आपला रोज संध्याकाळी फाटक वाजलं की कान टवकारतो. "अरे, दूधवाला असेल," मी समजावते. समजावते खरी, पण तोवर माझा हात आपसूक केस सारखे करायला गेलेला असतो.