पोट सुटलेला बुरूज

शिडीची तिसरी पायरी आली की कृपादान गवंड्याचे गुडघे कुरकुरायला लागत. वय सत्तरीला टेकलेलं. कोटाच्या डागडुजीचं काम शनिवारी संपलं की राहुरीला लेकीकडे जायचं आणि थापी पुन्हा हातात धरायची नाही, एवढंच त्याने मनाशी ठरवलं होतं. माणूस खरोखर थकला होता.

गावचा भुईकोट त्याला तोंडपाठ होता. खाली पांढऱ्या मातीचा जुना तट. पुढे तोफा आल्या तसं मातीवर दगड चढला, चौकोनी कोपरे गेले आणि गोल बुरूज तटाबाहेर सरकून बसले, दोन्ही अंगांना मारा करता यावा म्हणून. मग भिंतच बुटकी आणि जाड झाली. ज्याला जशी भीती, तशी त्याने भर घातली. कुठला चुना कुठल्या काळचा, हे कृपादान नखाने खरवडून सांगायचा. ही विद्या बापाची. बापाची चुन्याची घाणी होती, तिच्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी पडायचं. चुन्यात नाव कोरायची रीत मात्र नव्हती. घाणी ओढणारा बैलही वाटेकरी, मग नावं कुणाकुणाची घालणार, असं बाप म्हणायचा.

आता पूर्वेच्या बुरुजाने पोट काढलं होतं. पिंपळाच्या मुळ्यांनी भिंत फुगली, वरून सिमेंटचा एक हात मारा आणि मोकळे व्हा, असं ठेकेदार म्हणत होता. देखरेखीला आलेल्या अश्विनी इंजिनियरला ते पटत नव्हतं. आधीचा गिलावा कुणी आणि कधी केला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने कृपादानला विचारलं. बघून सांगतो म्हणाला आणि दोन दिवस तिला टाळत राहिला.

बघायचं काय त्यात? शेवाळाखाली त्याचंच नाव होतं. कृपादान, १९८२.

तेव्हा सिमेंट परमिटावर मिळायचं आणि ते हाताळणारा गावात तो एकटा. सत्तावीस वर्षांचा, बापाच्या चुन्याची लाज वाटणारा. बुरुजावर, बापानेच भरलेल्या चुन्यावर, दोन बोटं जाड थर दिला आणि ओल्यात खिळ्याने नाव लिहिलं. बाप खाली उभा राहून एवढंच म्हणाला, "पानी आत शिरंल पोरा. पन भाईर कुठनं यील?" कृपादान हसला होता. गाव मात्र तेव्हापासून त्याला बुरूजवाले म्हणायला लागलं. आयुष्यात मिळालेला मान तो एवढाच.

गप्प बसलं तर शनिवारी सुटका होती, मानही शाबूत राहणार होता. पण बुरुजाखालून शाळेची वाट जात होती. शुक्रवारी दुपारी त्याने हाताने शेवाळ पुसलं आणि अश्विनीला हाक मारली.

"ताई, ह्यो गिलावा माझाच हाय. मुळ्यांचा दोस न्हाई. मी भिंतीचं तोंड बांधलं, पानी आतच कोंडलं."

अश्विनीने नाव वाचलं. रागावली नाही. सगळं सिमेंट काढून चुन्यातच भरावं लागेल, चार-सहा महिने जातील आणि चुना मळायचा कसा हे आता तुमच्याशिवाय कुणाला येतं काका, असं ती हळूच म्हणाली. कृपादान शिडीच्या तळाशी मटकन बसला. रडू आलं ते त्याने लपवलंही नाही. लेकीला फोन करून एवढ्यात येत नाही म्हणाला.

सकाळी बुरुजाला लाकडी टेकूंचे धिरे लावून झाले. जोडीचा गवंडी बजरंग बिचकत म्हणाला की नावापुरता तुकडा राहू देऊ, बाकीचं फोडू. कृपादानने बजरंगला बाजूला उभं केलं आणि नावाच्या पहिल्या अक्षरावर छिन्नी टेकवली.

"आदी ह्येच."

चौथ्या घावाला तुकडा निखळला. मागून बापाच्या चुन्याचा चिखल ओघळला आणि त्याच्या पायांवर पडला. उन्हाळ्याचे दिवस होते, आणि तो अजून ओला होता.