अण्णांचा दम

“मुन्शीजीचा दम उखडला. चल वैनी, शाई काय दुसरीकडं मिळत न्हाई का?”

मी पडद्याआड उभी होते. अण्णा, माझे वडील, ओसरीवरच्या बैठ्या मेजावर ओणवे होऊन श्वास शोधत होते. समोर शहागडहून आलेली एक विधवा आणि तिचा दीर. बोलला तो दीर.

अण्णा अर्जनवीस होते. निजामाच्या राज्यात कचेरीचं सगळं काम उर्दूत चाले आणि आमच्याकडच्या शेतकऱ्यांना मराठीसुद्धा वाचता येत नसे. ते सांगतील तसा कागद अण्णा उर्दूत लिहून देत. पूर्वी ते कचेरीबाहेर झाडाखाली बसत. दमा वाढला तसे मस्तगडच्या आमच्या घरीच बसू लागले. त्यांचा एकच नियम होता. लिहिलेला कागद ज्याचा, त्याला मराठीत अक्षर न गाळता वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा. “अडाणी माणूस कानानं सही करतो,” असं म्हणत. तोवर अंगठ्याच्या शाईची डबी त्यांच्या मांडीखाली असे.

मी सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकत होते, वसतिगृहात राहत होते. उर्दू अक्षरं मात्र अण्णांनी घरीच पाटीवर गिरवून घेतली होती. सुटीत आले की ते मला एक शब्द द्यायचे आणि आम्ही दोघं तो चार-आठ दिवस चघळायचो. त्या वर्षीचा शब्द त्यांनी स्वतःच्या दुखण्यातूनच काढला होता.

फारसीत दम म्हणजे श्वास. एका श्वासाला लागतो तेवढा वेळ, तोही दम. मराठीत आल्यावर त्याला धीर आणि धाक असे दोन अर्थ चिकटले. आपण दम धरतोही आणि देतोही. संस्कृतातला दम म्हणजे इंद्रियं आवरणं. “तोंडवळा एक, पण गोत्र निराळं,” अण्णा म्हणाले. फारसी दमाची खरी बहीण संस्कृतातली ध्मा, म्हणजे फुंकणं. लोहाराचा भाता त्याच घरचा. हे सांगताना त्यांनी छातीवर हात ठेवला. “हाच तो भाता. कातडं फाटलंय.” वेदांत दम म्हणजे घर, त्यावरून दंपती, हे सांगून ते आईकडे बघून हसले. आई म्हणाली, “घर बसलंय चुलीपाशी. दूध उतू चाललंय.”

शाळेच्या मोठ्या कोशात मला पुढे आणखी एक सोयरा सापडला. इंग्रजीत माणसाळवलेल्या जनावराला टेम म्हणतात, तो शब्द संस्कृत दमाच्याच कुळातला. ते मी अण्णांना पत्रानं कळवलं. एक अर्थ मात्र कळवला नाही. वसतिगृहातली तेलुगू स्वयंपाकीण, मी वाढपात मीठसुद्धा मागत नसे म्हणून, सगळ्यांसमोर म्हणायची, “दम्मु लेदा?” हिंमत नाही का?

तर त्या उन्हाळ्याच्या सुटीतली ती दुपार.

दिरानं बाईला न कळणाऱ्या उर्दूतच मजकूर सांगितला, अण्णांनी लिहिला. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद करायची, एवढंच त्या बाईला ठाऊक होतं. मजकुरात पुढे होतं की गोदाकाठचं शेत ती आपखुशीनं दिराला देते आहे. अण्णांनी वाचायला घेतलं. तिचं गाव, नवऱ्याचं नाव इथवर आले आणि खोकल्यानं त्यांना धरलं ते सोडेचना. पुढचं वाक्यच राहिलं. दीर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मुन्शीजी, समदं बराबर हाय. मी सांगितलंय तिला. जल्दी अंगठा घ्या.”

अण्णांनी मांडीखालची डबी हलू दिली नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कागद माझ्या दिशेनं धरला.

परक्या पुरुषासमोर मुलीनं ओसरीवर जायचं नाही, ही घरची रीत होती. पण तेव्हा ती रीत मी कारण म्हणून वापरली. अण्णांनी कागद धरूनच ठेवला होता आणि मी पडद्याची किनार बोटाला गुंडाळत होते. दिरानं तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला, मी सुरुवातीला सांगितलं ते बोलला आणि दोघं गेली.

त्या संध्याकाळी अण्णांनी शब्दाचा विषयच काढला नाही.

पौषात, मी नाताळच्या सुटीत घरी असताना, ती बाई एकटी आली. दोन दिवस बैलगाडीत होती. पायरीवरच टेकली. “शेतात पाय ठेवू देत न्हाईत,” ती म्हणाली. “अंगठा माझाच हाय म्हणत्यात. हाय बी माझाच.”

अण्णा तोवर उशीला टेकूनच असत. त्यांनी हळूहळू विचारलं, “परत मागायचं का शेत?”

“मागून देत्यात व्हय? तुमीच सांगा.”

अण्णांनी कोरा कागद पुढे ओढला.

“मला वाचून दाखवलं न्हाई, इतकं लिहा. देवो न देवो. मी दिलं न्हाई, हे कागदावर ऱ्हाऊ द्या.”

चार ओळींना त्यांना दुपार लागली. प्रत्येक ओळीनंतर लेखणी ठेवत, भाता चाले, पुन्हा उचलत. लिहून झालं, डबी मांडीखाली गेली आणि वाचायला तोंड उघडलं तर नुसती शीळ आली. या वेळी त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ते कागदाकडेच बघत राहिले. तेच मला सोसवलं नाही.

मी बाहेर आले. गल्लीतून दोन पुरुष जात होते, ते थबकले. मी बाईसमोर बसले. अण्णांच्या हातातून कागद घेतला. अक्षरं कशीबशी उतरली होती, पण त्यांचीच होती. गाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं. मग अण्णांनी आपण होऊन घातलेली ओळ आली. बाईनं ऐकायला मान कलती केली आणि मी अक्षर न गाळता मोठ्यानं वाचलं,

“त्या दिवशी घरात वाचणारं माणूस होतं, तरी तो कागद मला कुणी वाचून दाखवला नाही.”