विचारून चालणाऱ्या ग्वेंडाबाई

समजा, तुमच्या मागे दहा-पंधरा परकी माणसं उभी आहेत. कोणी लीड्सची, कोणी लंडनची, एखादं जोडपं थेट हॉलंडहून आलेलं. सगळ्यांच्या पायांत नवेकोरे बूट, ज्यांची अजून शेणाशी ओळख झालेली नाही. या मंडळींना तुम्हाला इंग्लंडातल्या थॅक्सबेक गावच्या बाजारातून बाहेर काढायचंय, चर्चच्या मागून, ओढ्याच्या काठानं टेकडीवर न्यायचंय आणि चहाच्या वेळेला परत आणायचंय. वाटेत एका शेतकऱ्याचं अंगण लागतं. आजूबाजूचं शेत नव्हे, अंगणच. एका हाताला गोठा, दुसऱ्या हाताला त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत वाळत घातलेले त्याचे मोजे. पायवाट या दोहोंच्या मधून जाते. आता सांगा, तुम्ही काय कराल? मान खाली घालून झपाझप निघून जाल, की थांबून विचाराल, "जाऊ का हो इथून?"

'विचारेन' म्हणालात, तर ग्वेंडा पिकर्सगिल बाईंनी तुम्हाला आनंदानं आपल्या तुकडीत घेतलं असतं. 'सरळ जाईन' म्हणालात, तर बाजारातच तुमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं असतं, की तुम्ही आपण होऊन माफी मागितली असती. कशाबद्दल, ते नंतर ठरलं असतं.

माफीवर थॅक्सबेकचा फार जीव. दुसऱ्यानं आपल्या पायावर पाय दिला, तर माफी आपण मागायची, ही तिथली रीत. दोघांनी एकदम मागितली, तर मग हवेवर बोलायचं. ग्वेंडाबाई अशा गावात लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीत जन्मल्या, पोस्टाच्या खिडकीमागे म्हाताऱ्या झाल्या आणि नवरा गेल्यावर गावाची अदब एकटीनं वाहू लागल्या. उघड्या दारावरसुद्धा टकटक करायची, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. त्या ते इतकं मनावर घेत, की स्वतःच्या घराचं दार वाऱ्यानं उघडं राहिलं, तरी आत शिरण्याआधी त्यांचं बोट क्षणभर अडखळे.

गावात पाहण्यासारखं काय, म्हणाल तर फारसं काही नाही. मंगळवारचा बाजार, बाजारात चीज आणि लोकरीचे मोजे, वरच्या अंगाला मेंढ्यांचा लिलाव, चहाच्या दुकानात स्कोन नावाचे दगडासारखे गोड पाव. पाहुणे येत ते त्या पायवाटेसाठी. ओढा, कुरणं, दगडांच्या बुटक्या भिंती, आणि वर गेलं की अख्खं खोरं पायाशी. ग्वेंडाबाई लग्न होऊन नवीन होत्या तेव्हापासून दर मंगळवारी पाहुण्यांना तिथून फिरवून आणत. बदल्यात काही घेत नसत. आदर मात्र मोजून घेत.

ते अंगण एनॉक ऑल्डरसनचं. एकटा, उंच, कमी बोलणारा माणूस. मंगळवारी सकाळी तो हमखास फाटकाशी उभा असायचा.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ऑल्डरसन. आज हवा बरी आहे."

"टिकायची नाही."

"आम्ही जाऊ का इथून?"

"जा की गं पोरी. फाटक लावून घे."

एवढंच. ग्वेंडाबाईंचे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी एनॉकची 'पोरी' तशीच होती. फाटक ओलांडलं की त्या पाहुण्यांकडे वळून म्हणत, "पाहिलंत? विचारलं की माणूस नाही म्हणत नाही." पाहुणे माना डोलवत. बायकोला न विचारता लंडनचं घर विकून आलेला एक गृहस्थसुद्धा डोलवून गेला होता.

मग एनॉक वारला. शेत पुतण्याकडे गेलं. त्याला मेंढी आणि मेंढा यांतला फरक पटकन सांगता येत नव्हता, पण जमिनीचा भाव बरोब्बर माहीत होता. त्यानं सगळं फेअरब्रदर नावाच्या लंडनच्या माणसाला विकलं. फेअरब्रदरनं गोठ्याला काचेची भिंत बसवली, दाराला राखाडी रंग दिला आणि फाटकाला कुलूप घातलं. कुलपाखाली पाटी: 'आपली गैरसोय होत असल्याबद्दल आम्हाला मनापासून खेद वाटतो. हा खासगी रस्ता आहे. आपल्या समजूतदारपणाबद्दल आभार.'

ग्वेंडाबाईंनी पाटी दोनदा वाचली. "भाषा चांगली आहे," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यांना कळलं, की आपल्याला हाकललंय.

सरकारी नकाशावर ही पायवाट लोकांची म्हणून कधी उतरलीच नव्हती. पण कायद्यात सोय होती. गावकरी वीस वर्षं सलग हक्कानं एखाद्या वाटेनं चालले असतील, तर ती वाट कायमची लोकांची होते. मग मालकाला ती अडवता येत नाही. वीस वर्षं! ग्वेंडाबाईंना हसू आलं. थॅक्सबेकमध्ये वीस वर्षांत माणूस शेजाऱ्याशी जेमतेम ओळख करून घेतो. त्यांनी अर्ज केला. सरकारनं सुनावणीला निरीक्षक पाठवायचं ठरवलं. वाट राहिली तर मंगळवार राहणार होता. गेली तर ग्वेंडाबाईंकडे आठवड्याचे सातही दिवस सारखेच उरणार होते.

सुनावणीच्या आधी त्यांनी साक्षीदारांना आपल्या स्वयंपाकघरात चहाला बोलावलं.

"तो फेअरब्रदर म्हणणार, चालणारे लोक आडदांड असतात, त्रास देतात," त्या म्हणाल्या. "आपण दाखवून द्यायचं, की इतकी वर्षं आपण किती अदबीनं चाललो. विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. समजलं? लाजू नका. ठासून सांगा."

सगळ्यांनी ठासून सांगायचं कबूल केलं. कोपऱ्यात नॉरिस थ्वेट बसला होता. हा गावचा खाटीक आणि ग्वेंडाबाईंचा शाळेतला सोबती. प्रत्येक सभ्य गाव एक उद्धट माणूस पाळतं, नाहीतर आपण सभ्य आहोत हे कळणार कशावरून? थॅक्सबेकनं नॉरिसला पाळलं होतं.

"मी पण येतो साक्षीला," तो म्हणाला.

"तू नको."

"का गं? तुझ्यापेक्षा जास्त चाललोय मी त्या वाटेनं. दर रविवारी, गळ घेऊन."

"तुझ्या तोंडाला दार नाही, नॉरिस. परक्या माणसासमोर गावाची अब्रू घालवशील. यायचं तर ये, पण मागे बस. आणि गप्प बस."

"स्कोन खायला तरी तोंड उघडू का?" नॉरिस म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता त्यानं दोन उचलले.

सुनावणी चर्चच्या सभागृहात झाली. निरीक्षकाचं नाव हॅझलडीन. साधा, थकलेला माणूस. असल्या सभागृहांतला चहा पिऊन पिऊन त्याचा चेहरा चहाच्याच रंगाचा झाला होता. फेअरब्रदर आपल्या वकीलबाईंबरोबर पुढच्या रांगेत बसला होता आणि आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकासाठी अर्धवट उठून उभा राहत होता.

पहिली साक्ष निवृत्त शिक्षिका मिस लॉफ्टहाउस यांची.

"त्या अंगणातून जाताना तुम्ही कधी परवानगी मागितलीत?" हॅझलडीननं विचारलं.

"कधी?" बाई ताठ झाल्या. "प्रत्येक वेळी! एकदा ते आंघोळीला बसले होते. मी खिडकीतून विचारलं."

"आणि त्यांनी परवानगी दिली?"

"ताबडतोब."

हॅझलडीननं काहीतरी लिहिलं. पुढचा साक्षीदार चर्चमध्ये घंटा वाजवणारा. तो म्हणाला, "मालक नसले, तर आम्ही कुत्र्याला सांगून जायचो." सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. वकीलबाईंनी आपली फाइल हळूच मिटली. ग्वेंडाबाईंना वाटलं, हरली बिचारी.

मग त्या स्वतः उठल्या. ठेवणीतला निळा कोट, गळ्यात मोती.

"मी दर मंगळवारी फाटकाशी थांबून विचारलं. पाऊस असो, बर्फ असो. एकदाही न विचारता गेले नाही."

"आणि ते नाही म्हणाले असते तर?"

"तर आम्ही दुसरीकडून गेलो असतो," ग्वेंडाबाई म्हणाल्या. "अहो, अंगण त्यांचं होतं! आम्ही काही रानटी नाही."

टाळ्या पडल्या. थॅक्सबेकमध्ये टाळ्या म्हणजे दोन बोटांनी तळहातावर वाजवायच्या, पण पडल्या. फक्त हॅझलडीननं पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मिसेस पिकर्सगिल," तो हळू म्हणाला, "कायदा विचारतो, की लोक हक्कानं चालले का. मालकाला विचारून, त्यानं 'जा' म्हटल्यावर जो जातो, तो हक्कानं जात नाही. पाहुणा म्हणून जातो. पाहुणा शंभर वर्षं आला, तरी घर त्याचं होत नाही."

"म्हणजे आम्ही विचारायला नको होतं?" ग्वेंडाबाईंनी विचारलं.

"विचारलं नसतंत, तर आज वाट तुमची असती."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी नाही विचारलं कधी!"

"नॉरिस, बस खाली," ग्वेंडाबाई सवयीनं म्हणाल्या.

"बसतो काय! पोरवयापासून जातोय तिथून. म्हातारा एकदा खेकसला, 'कुठं निघालास?' मी म्हटलं, 'तुला काय करायचंय?' त्यानं मला शिव्या घातल्या, मी त्याला घातल्या, आणि गेलो पुढं. पुढच्या रविवारी परत तेच."

दिवसभरात पहिल्यांदा हॅझलडीनच्या चेहऱ्यावर रंग आला. "छान," तो म्हणाला. "फार छान. पण एक माणूस म्हणजे लोक नव्हे. असे आणखी कोण कोण आहेत? न विचारता गेलेले? नुसते हात वर करा."

सगळे चुळबुळले. गावात असे लोक नव्हते, असं नाही. डॉक्टरांची बायको रोज पहाटे, एनॉक झोपेत असताना, कुत्र्याला घेऊन तिथून जायची. तिला सगळ्यांनी पाहिलं होतं. बँकेतली जोडी तर रात्रीबेरात्री गोठ्यामागे कशासाठी जायची, हेही गावाला ठाऊक होतं, आणि परवानगी मागून तसं काही करता येत नाही. पण डॉक्टरीणबाई छताच्या तुळया पाहत होत्या आणि बँकवाले एकमेकांचे बूट. दहा हात वर गेले असते तर वाट वाचली असती. चारचौघांत आपण उद्धट होतो, हे सांगायला थॅक्सबेकचा एक हात उठेना. शेवटी एक उठला. चहा आणखी कोणाला हवाय, असं विचारणाऱ्या बाईंचा.

ग्वेंडाबाईंचा स्वतःचा हात मांडीवर होता. त्यांनी तो उचलून पाहिला. मोत्यांपर्यंत पोहोचला आणि तिथेच माळ सारखी करत राहिला. नंतर त्यांनी नॉरिसजवळ कबूल केलं, की खोटं बोलायची त्यांची तयारी होती. उद्धट म्हणवून घ्यायची नव्हती.

वाट गेली.

निकाल लागला त्या दिवशी फेअरब्रदर मुद्दाम घरी आला. "मला फार वाईट वाटलं, मिसेस पिकर्सगिल. खरंच."

"छे छे, तुमचा काय दोष? उलट तुमचा वेळ घेतला, माफ करा हं."

"आणि हे बघा, तुम्ही कधीही विचारू शकता."

पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं. फेअरब्रदर हात जोडावेत इतक्या आर्जवानं म्हणाला, "आज जरा गैरसोयीचं आहे." त्यापुढच्या मंगळवारीही जरा गैरसोयीचं होतं. तिसऱ्या मंगळवारपासून ग्वेंडाबाई पाहुण्यांना मोठ्या रस्त्यानं नेऊ लागल्या. दुधाचा टँकर आला की सगळ्यांनी काट्यांच्या कुंपणात पाठ घुसवून उभं राहायचं. पाहुण्यांना वाटतं, हीच इथली जुनी पद्धत. परवा एका जोडप्यानं रस्त्यालगतच्या सांडपाण्याच्या टाक्यांचे फोटो काढले.

त्या दिवशी परतताना त्या नॉरिसच्या दुकानात सॉसेज घ्यायला थांबल्या. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"म्हातारा एनॉक पक्का होता हं," नॉरिस वजन करता करता म्हणाला. "त्याला कायदा माहीत होता."

"कशावरून?"

"त्याच्या बापानं वरच्या कुरणातल्या वाटेपायी कोर्टात अर्धं आयुष्य घालवलं आणि वाट घालवली. एनॉक त्यातूनच शिकला. दर मंगळवारी मेंढ्यांच्या लिलावाला उशिरा यायचा. सगळी चांगली गिऱ्हाईकं निघून गेल्यावर. चांगली कोकरं मातीमोलानं द्यायचा. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, 'काम होतं.' कसलं काम? तू येऊन 'जाऊ का' म्हणायचीस, ते ऐकायला थांबायचा. तू विचारलंस आणि त्यानं 'जा' म्हटलं, की झालं. वाट त्याची ती त्याची."

ग्वेंडाबाई म्हणाल्या, "पण मंगळवारी तो दाढी करून उभा असायचा."

"लिलावाला जायचं म्हणून करत असेल."

"आत्ताच म्हणालास ना, लिलावाला गिऱ्हाईकं गेल्यावर पोहोचायचा? रिकाम्या बाजारासाठी कोण दाढी करतं?"

नॉरिसनं पुडीत दोन सॉसेज जास्तीचे टाकले आणि ते टाकल्याचं दिसू नये म्हणून पाठ फिरवली.

ग्वेंडाबाई पुडी घेऊन बाहेर आल्या. बाजार उठत होता, मांडववाले कनाती गुंडाळत होते. एनॉकला त्यांनी उभ्या जन्मात एकच गोष्ट विचारली होती, तीही दर आठवड्याला, आणि त्यानं प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं. दुसरी कधी विचारली नाही, कारण तसं विचारणं बरं दिसत नाही. आता त्या रोज मनातल्या मनात त्याच फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. हवेबद्दल बोलत नाहीत, जाऊ का म्हणत नाहीत.

"मिस्टर ऑल्डरसन, तुम्ही इथे कशासाठी थांबता हो?"