मोठ्या दाराचा लाल जिना

समजा, तुम्हाला एक रुंद, लाल दगडी जिना आल्पनेनं, बंगालच्या ओल्या रांगोळीनं, भरायचा आहे. तांदळाचं पातळ पीठ वाटीत, त्यात भिजलेली चिंधी मुठीत, आणि मूठ दाबली की अनामिकेवरून उतरणारी पांढरी धार. सुरुवात कुठून कराल? शहाणा माणूस वरून करील, म्हणजे उतरत उतरत मोकळं होता येतं. पण ही लक्ष्मीची पावलं. ती रस्त्यावरून आत यायची, तर काढणारीनंही तिच्याच चालीनं चढायचं, शेवटचं पाऊल उंबरठ्यावर टेकवायचं आणि तिच्यासोबत आत जायचं.

उत्तर कोलकात्यातल्या त्या जुन्या सभागृहात पारुल हाजरा दर कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला असंच करत आली. तिच्या आधी तिची सासू करायची. दोघी तिथल्याच झाडूवाल्या. गाण्याच्या बैठका असोत की नगराच्या सभा, आधी यांचं फडकं फिरायचं, मग बाबूलोकांचे जोडे.

मग सभागृह दुरुस्तीला बंद झालं. उघडलं तेव्हा घुमट चकचकीत, खांबाखांबावर दिवे, आणि एक नवा नियम: कामगारांनी बाजूच्या फाटकातून, संडासाजवळच्या बोळातूनच यायचं. पारुल धुसफुसली, पण बोळातून जाऊ लागली.

कोजागरीच्या दुपारी मात्र हात जुन्या सवयीनं चालले. जिना या कडेपासून त्या कडेपर्यंत भरत ती वर पोचली, उंबरठ्यावर शेवटचं पाऊल काढलं, कंबर सरळ केली आणि दार ढकललं. पहारेकरी बिकाश आडवा आला.

"पारुलदी, इथून नाही."

"मग काय उडून जाऊ?"

"मागं फिर ना."

"मागं सगळं ओलं आहे, दिसत नाही? देवीच्या पावलांवर पाय ठेवू?"

"माझी नोकरी जाईल गं."

"तुझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा माशाचं कालवण कोण आणायचं रे? तेव्हा मला कुठल्या फाटकातून आत घेतलंस?"

आवाज ऐकून व्यवस्थापक सान्याल बाहेर आले. आधी त्यांनी जिन्याचा फोटो काढला.

"सुंदर! पारुल, वाळेपर्यंत बस की इथंच."

"उन्हात?"

"थोड्या वेळाचाच तर प्रश्न आहे."

"आणि हे दार कशाला आहे, सर? आरतीला?"

सान्यालांनी रस्त्याकडे नजर टाकली. पाहुण्यांची वेळ होत आली होती. आवाज खाली आणत ते म्हणाले, "बरं, ये पटकन. कोणी बघत नाहीये तोवर."

इथं पारुलच्या डोक्यात जाळ झाला.

"चोर आहे का मी? या घराची फरशी माझ्या सासूच्या गुडघ्यांनी झिजलीय, आणि मी लपून येऊ?"

ती वळली. कडेनं नाही, जिन्याच्या बरोबर मधून उतरली, टाच दाबून. कमळं फिसकटली, वेली तुटल्या. देवीची पावलं वर निघालेली, हिची खाली. सान्याल "अगं, अगं" करत राहिले.

त्यानंतर तिला कामावर घेतलं नाही. पण अजूनही ती अधूनमधून त्या दारासमोर येऊन उभी राहते. बिकाश नजर चुकवतो. कोणी साहेब आत शिरताना दिसला की ती त्याला अडवते.

"बाबू, दुरुस्तीच्या आधी मी याच दारानं आत जायचे. मग तुम्ही लोकांनी दुरुस्त काय केलंत?"