ताईच्या अक्षरातली चूक

ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत जनुकातली अक्षरं डोळ्यांनी वाचावी लागत. एक्स-रेसारख्या फिल्मवर चार उभे पट्टे असत, ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांचे, आणि त्यांत आडव्या काळ्या रेघा. तळापासून वर जायचं, पुढची रेघ ज्या पट्ट्यात दिसेल ते अक्षर लिहायचं. माझ्या सरांच्या हाताखाली प्रयोगशाळेत मी कपाशीवर करपा आणणाऱ्या जिवाणूचं एक जनुक असं वाचत होतो. तेवढ्यात मला कावीळ झाली आणि फिल्मचं पाकीट घेऊन मी अमडापूरला घरी आलो.

घरी आई आणि थोरली ताई. ताई मॅट्रिक झालेली. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन परत आली होती. संकरित कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर ती कामाला जायची. उमलायच्या आदल्या दिवशी कळीतले पुंकेसर नखानं काढायचे, एकही राहता कामा नये. तिच्या ओळींत कधी राहिला नाही.

मी खाटेवरून वाचायचो, ती चौकटीच्या वहीत लिहायची. चार दिवसांत माझे डोळे थकले. मग तीच खिडकीशी फिल्म धरून, झाडूची काडी रेघेवर टेकवून वाचायला आणि लिहायला लागली. आई म्हणायची, "पोथी वाचून राह्यले का? अर्थ तं काहीच लागत नाही."

एका सकाळी ताई थांबली. "बाबू, इथं जी दोन हाय. मधात बारीक फट हाय, पाह्य."

मी पाहिलं. एक जाडसर रेघ होती. फट मला दिसली की नाही हे आज सांगता येत नाही. मला ती नको होती एवढं नक्की. ही अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचतात. एक कमी झालं की पुढचे सगळे गट सरकतात आणि लवकरच 'इथे थांबा' असा गट येतो. आधीच्या पुसट फिल्मवरून मी सरांना सांगून बसलो होतो की हे जनुक मध्येच तुटलेलं आहे. तो माझा शोध होता. दोन जी असते तर शोध उरत नव्हता.

"एकच हाय. लिही."

"तुह्ये डोये पिवये झाले बे, तुले काय दिसते!" ती हसली.

"प्रयोगशाळेत तू शिकली का मी?"

तिचं हसू गेलं. तिनं एकच जी लिहिला.

बरा होऊन परत गेलो तेव्हा सरांनी वही चाळली. दोन-चार पानं फिल्मशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "अशी नजर मिळत नाही हो. फिल्म वाचायला एक जागा निघते आहे, बहिणीला घेऊन या." मी घरी पत्र टाकलं. ताईनं खामगावहून पत्र्याची पेटी आणवली, दोन नवी पोलकी शिवून घेतली.

महिन्याभरानं सरांनी आमची अक्षरं आणि दुसऱ्या एका जिवाणूच्या तशाच जनुकाची अक्षरं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून टेबलावर शेजारी मांडली. एका जागेपर्यंत अक्षराला अक्षर जुळत होतं, पुढे काहीच जुळेना. सरांनी बोटानं आमची पट्टी एक चौकट पुढे सरकवली. पुढचं सगळं जुळलं.

"इथे एक अक्षर गळलंय." त्यांनी फिल्म उजेडाला धरली. "स्पष्ट दोन आहेत. कोणी वाचलं हे?"

"ताईनं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. अक्षरही तिचंच होतं.

सरांनी फिल्म पाकिटात घातली. मग म्हणाले, "मग बहिणीला आणायचं राहू द्या. या कामात अंदाजानं लिहिणारं माणूस नको."

ही बातमी सांगायला मी वही घेऊन गावी गेलो. पेटी दाराशीच होती. ताईनं पान उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं.

"मी तं दोन म्हनलं होतं, नाही का रे?"

तिनं पुन्हा पाहिलं.

"पन ल्हिलं तं एकच हाय. माह्याच हातचं हाय." तिनं वही मिटून माझ्याकडे दिली. "माहीच चूक असंन. तुले सरांसमोर खाली पाहा लागलं."

तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी पाणी मागितलं.

त्यानंतर ती बियाण्याच्या प्लॉटवर गेली नाही. एखादी कळी सुटली तर अख्ख्या प्लॉटचं बी बिघडते, म्हणाली. पेटीत गोधड्या ठेवल्या. पुढे मी शिकवायला लागलो. रेघा वाचणारी यंत्रं आली. दरवर्षी मी वर्गात सांगतो की एक अक्षर गळलं की पुढचं सगळं सरकतं, आणि फळ्याकडे वळतो.

ताई अमडापूरलाच आहे. परवा गेलो तेव्हा ती ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. नेहमीप्रमाणे तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

"तू पाह्य एकदा. माह्या नजरेचा भरोसा नाही."

मी पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं निवडलेल्या डाळीत मला कधी खडा सापडलेला नाही.

"एकही नाही, ताई."

"नीट पाह्यलं ना?"

ती जुनी चौकटीची वही माझ्या पिशवीत होती. मी पुन्हा डाळीकडे पाहत राहिलो.