पिंजण थांबेपर्यंत

गादीवालीच्या दुकानात कापूस कधी पुरता खाली बसलाच नाही. पिंजणाचं यंत्र सुरू झालं की तो भुरुभुरु उठायचा, उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचा आणि सासूच्या भुवयांवर, चहाच्या कपात, बारकीच्या वेण्यांत निवांत जाऊन बसायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्याकडं आलं की डोळेच मिटतात हो." गादीवाली म्हणायची, "मग गादी घ्या की. उभ्यानं कशाला झोपता?"

अशी ही फटकळ बाई. पण शाळेचं बोलावणं आलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तिची पोर, बारकी, वर्गात बोलत नव्हती. काही विचारलं की टकमक बघत राहायची. पोरं तिला 'मुकी मैना' म्हणायला लागली होती. आता तर मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं, की पोर अशीच राहिली तर तिला खालच्या वर्गात बसवू.

"तोंडात कापूस कोंबलाय का गं?" गादीवालीनं घरी येऊन विचारलं.

"मी सांगणारच होते," बारकी म्हणाली.

"कधी? पुढच्या जन्मी?"

मग गादीवालीनं सराव मांडला. पोरीला पिंजणाशेजारी बसवायचं आणि कापूस घालता घालता धडे विचारायचे. पिंजलेला कापूस काढेपर्यंत पोर सगळं घडाघडा सांगायची. गादीवाली ताठ मानेनं शाळेत गेली. "हिला सगळं येतं."

"इथं काहीच येत नाही, ताई," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही हो. मीही खोटं बोलत नाही. येऊन बघू का एकदा?"

बाई दुपारी आल्या. गादीवालीनं त्यांना नव्या कोऱ्या गादीवर बसवलं. यंत्र घरघरत होतं, कापूस उडत होता, बाईंच्या पापण्या जड व्हायला लागल्या. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी खोळ शिवत बसलेल्या सासूला विचारलं, "आजी, कधीपासून करता हे काम?" सासूनं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं आणि पुढचा टाका घातला. बाईंना वाटलं, म्हातारी बहिरी असावी. त्यांनी गादीवालीला विचारलं, "मुलगी घरी अभ्यासाला कधी बसते?" तीही नुसती बघत राहिली. शेवटी बारकीला विचारलं, "चंद्र लहानमोठा का दिसतो गं?" बारकी टकमक.

मग कापूस काढायला गादीवालीनं यंत्र थांबवलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून," सासू म्हणाली.

"शाळेतनं आली की लगेच," गादीवाली म्हणाली.

"उजेड पडलेला भाग कधी जास्त दिसतो, कधी कमी. चंद्र आहे तेवढाच असतो," बारकी म्हणाली.

बाई खो खो हसत सुटल्या. "अहो, तुम्ही सगळ्याच पिंजण थांबायची वाट बघता!"

"मग? घसा कोण फोडून घेणार?" असं म्हणता म्हणता गादीवालीचा हात कापसातच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! "पण बाई, वर्गात कुठं पिंजण आहे?"

"पोरांचा गलका आहे की. तो थांबतच नाही," बाई ओशाळून म्हणाल्या. "ही बिचारी वाट बघते आणि मी पुढच्या पोराकडं जाते."

तिथंच दोघींचं ठरलं. बाईंनी प्रश्न विचारला की वर्ग गप्प करून जरा थांबायचं. गादीवालीनं घरी यंत्र चालू ठेवून पोरीला त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लावायचं. झालं, दुकानात रोज आरडाओरडा. सासू वैतागली. "हे घर आहे का बाजार?"

मोठ्या बाई वर्गात आल्या त्या दिवशी गादीवाली दाराशी उभी होती. मोठ्या बाईंनी वर्ग गप्प व्हायची वाट काही बघितली नाही. गलक्यातच विचारलं, "ए मुली, समुद्राचं पाणी खारट का असतं?"

बारकीनं एकदा गलका करणाऱ्या पोरांकडं बघितलं. गादीवालीचा श्वास अडकला. मग पोर अशी ओरडली, की मोठ्या बाईंच्या हातातला खडू खाली पडला. "नद्या जमिनीतलं मीठ वाहून आणतात! पाण्याची वाफ होते, मीठ तिथंच राहतं!"

"राहू दे हिला याच वर्गात," कान चोळत मोठ्या बाई म्हणाल्या. "पण जरा हळू बोलायला शिकवा."

गादीवालीनं अडकलेला श्वास सोडला, तसा तिच्या खांद्यावरचा कापसाचा एक पुंजका सुटला आणि सावकाश वर्गावरून तरंगत निघाला. पोरांच्या माना त्याच्यामागं वळल्या. गलका आपोआप विरला. यंत्र थांबल्यासारख्या त्या शांततेत बारकी हळूच म्हणाली, "आई, पिंजण बंद करून आलीस ना?"